एकीच्या शब्दावर

“पोरीच्या पाठी उभी रा, कमळे.”

देवकीचा आवाज आला तेव्हा कमळा देवापुढे बसून वाती वळत होती. तो आवाज कानात नव्हता येत, पोटात यायचा. देवकी, तिची आयाकामातली सोबतीण, जाऊन दोन पावसाळे झाले होते. दवाखान्यातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या तिने हे सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं झालं होतं. कमळाने तिच्या हातावर हात ठेवला आणि ‘हो’ म्हटलं. देवकी त्यापुढेही काही बोलली होती. पण आठवण तिथवर आली की कमळाचं मन आपसूक दुसरीकडे वळायचं. वात वळायची, समई पुसायची, फुलांचे देठ खुडायचे.

तेवढ्यात तांदळाच्या डब्यात सळसळ झाली.

कमळाचा हात थांबला. फोन तिनेच काल तांदळात खुपसून ठेवला होता. त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. पण तो थरथरला की तांदूळ हलायचे, आणि बंद डब्यात साप फिरल्यासारखी ती सळसळ आणखीच वाईट वाटायची. नैवेद्य दाखवीपर्यंत कमळाचं मौन असे. तीस वर्षांत ते तिने मोडलं नव्हतं. आज मात्र या मौनाचा तिला आधार वाटत होता. जोवर बोलायचं नाही, तोवर कुणाला उत्तरही द्यायचं नाही.

उत्तर द्यायला आज सूर्य बुडेपर्यंतची मुदत होती.

कमळा दवाखान्यात आया होती. तिथून सुटल्यावर ती घरोघरी आजाऱ्यांची सेवा करू लागली. निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या चाळीत राहणाऱ्या, आणि आसपासच्या, पंधरा-सोळा बायका हेच काम करत. पूर्वी नर्सिंग ब्युरोवाला कामं द्यायचा, कागद ठेवून घ्यायचा, आणि मनात आलं की घरी बसवायचा. मग मृणालीने साखळी काढली.

मृणाली म्हणजे चौकातल्या औषधवाल्याची मुलगी. कंप्युटरचं शिकून आलेली, पण जमिनीवर मांडी घालून बसणारी. गेल्या मार्गशीर्षात कमळाच्या गुरुवारच्या व्रताचं उद्यापन होतं. सगळ्या बायका एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, ओट्या भरून झालेल्या, मसाले दुधाचे पेले हातात. तेव्हा मृणालीने सांगितलं, याला ब्लॉकचेन म्हणतात.

“मोठमोठ्या साखळ्या दोन तऱ्हेने चालतात, काकू. एकीत हजारो मशिनी रात्रंदिवस कोडी सोडवत बसतात. ज्याची मशीन जास्त राबते त्याचं खरं.”

“आपल्या गल्लीतल्या कापडाच्या लूमसारखं,” माधवी म्हणाली.

“दुसरीत ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचं खरं.”

“चाळीच्या मिटिंगसारखं,” निशा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

“आपल्या साखळीत मशीनही नाही आणि पैसाही नाही. नुसती माणसं. प्रत्येकीने तीन बायका निवडायच्या, ज्यांच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवाल. काही प्रश्न आला आणि तुम्ही स्वतः फोनवर काही दाबलं नाही, तर तुमच्या तिघी काय म्हणतात तेच तुमचं धरलं जाईल. हिच्या तिघी, तिच्या तिघी, अशा एकमेकींत गुंतल्या की जाळं होतं. एक धागा तुटला तरी जाळं टिकतं. आणि जे ठरेल ते सगळ्यांच्या फोनमध्ये लिहिलं जातं. मग एकीने पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही.”

फार चांगली गोष्ट होती. ज्या घरात काम करायचं, त्या घरच्यांना फोनवर बाईच्या नावाभोवती हिरवी कड दिसायची. ब्युरो नको, कागद नको. बायकांचा शब्द पुरे.

पण चूक त्याच बैठकीत झाली. मृणाली म्हणाली, चला, आत्ताच निवडा. ज्या घरात आत्ताच ओटी भरून घेतली, तिथेच बसून त्या घरच्या बाईचं नाव गाळायचं कसं? आणि तीही कमळा. निशाचा नवरा वारला तेव्हा चाळीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या होत्या. कमळाने बारा जणींच्या देखत पहिलं कुंकू तिला लावलं होतं. निशाने पहिलं नाव कमळाचं टाकलं. माधवीने टाकलं. एकजात सगळ्यांनी टाकलं. उरलेली दोन नावं शेजारी ज्या बसल्या होत्या त्यांची.

मृणालीने फोनवर उमटलेलं चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“हे जाळं नाही झालं, काकू. ही छत्री झाली. सगळ्या काड्या एकाच दांड्यावर.”

“मग बदलू की,” कमळा म्हणाली होती.

बदलायचं राहून गेलं. उलट नवीच रीत पडली. गावदेवीला पहिला नारळ मानाच्या माणसाने फोडल्याशिवाय दुसरा कुणी फोडत नाही, तसं कमळाने दाबल्याशिवाय कुणी दाबेना. ‘काकूंचं काय आलं?’ एवढं एकमेकींना विचारायचं, की झालं. कमळाला तेव्हा, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं.

आता तेच छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं.

परवा संध्याकाळी दिघाशीच्या रंगूबाई पाटलीण पलंगावरून पडल्या. अर्धं अंग लुळं पडलेली म्हातारी. कमरेचं हाड मोडलं. कामावर होती प्राजक्ता, देवकीची मुलगी. पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची. कमळानेच तिला साखळीत आणलं होतं. म्हातारीच्या नातवाने, दीपेशने, तक्रार टाकली: बाई ड्युटी सोडून बाहेर गेली. तेव्हापासून सगळ्यांच्या फोनवर प्राजक्ताचा फोटो आणि त्याखाली एकच प्रश्न होता. ‘पाठीशी कोण?’

एकही उभी राहिली नाही, तर प्राजक्ताचं नाव साखळीतून जाणार, आणि ते का गेलं हे सगळ्यांच्या फोनमध्ये जन्मभर राहणार. जी उभी राहील, तिच्या नावाची कड वर्षभर पिवळी होणार. पिवळ्या बाईला कोण घरात घेतो? नवऱ्याचं, बाळारामचं, लूमवरचं काम सुटलेलं, घर कमळाच्या कामावर चाललेलं. आणि कमळा उभी राहिली, की तिच्या शब्दावर बसलेल्या सगळ्या बायका आपोआप उभ्या धरल्या जाणार. सगळी चाळ पिवळी.

नैवेद्य दाखवून ती उठली. पदराने हात पुसले. डबा उघडला नाही.

बाळाराम दारात खाटेवर बसून बिडी विझवत होता. उभा जन्म लूमची दुरुस्ती करण्यात गेला, त्या खटखटीने त्याचे कान खाल्ले. आता तो स्वतःलाही ऐकू यावं एवढ्या मोठ्याने बोलायचा. गल्लीतल्या लूम चालू असत तोवर ते खपून जाई.

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. लूम थांबल्या. गल्लीभर एकदम अशी शांतता पडली की कुणाच्या तरी घरातली फोडणी ऐकू आली.

“आगं,” बाळाराम ओरडला, “ती पोरगी भायेर गेलती का न्हाय गेलती?”

कमळाने दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही.

“म्हनतू, देवकीची पोरगी! थेरडीला टाकून गेलती का?”

समोरच्या कारखान्याच्या दारात बनियन घातलेला कारागीर पंखा बंद झाला म्हणून बाहेर येऊन उभा होता. तो म्हणाला, “चाचा, पूरा निजामपुरा सुन रहा है.”

“क्या?”

“कुछ नहीं, चाचा. आप बोलते रहो.”

दोघं-तिघं हसले. वरच्या माळ्याच्या कठड्याशी दोन बायका उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. कमळाने वर पाहिलं तशा आत गेल्या. त्यातली एक निशा होती. निशा तिच्याकडे पाहून आत गेली, असं आजवर कधी झालं नव्हतं.

लाइट आली तेव्हा माधवी दारात होती. हातात वाटी, साखर मागायला आल्यासारखी.

“काकू, दाबलंत का?”

“नाही गं अजून.”

“नाही, घाई नाही माझी.” माधवी खाली बसली. वाटी मांडीवर ठेवून तिच्या काठावरून बोट फिरवत राहिली. “मी आपली सांगायला आले. तुम्ही म्हणाल ते. मी तुमच्या मागे आहे.”

तिच्या ‘मागे आहे’मध्ये विनवणी होती. कमळाला ती कळली.

“माधवी, भीती वाटते का तुला?”

“वाटते हो,” माधवी पटकन म्हणाली. “ड्युटी आत्ताच लागलीय. शिवाय पोरगा पाटलांच्याच गोडाऊनवर आहे. कालपासून भात गिळवत नाही मला.”

“मग तू तुझं स्वतः दाब. नाही म्हण. मी रागावणार नाही.”

“तुमच्या आधी? आणि तुमच्या उलट?” माधवीने डोळे मोठे केले. “नाही जमायचं, काकू. हात नाही उचलणार. निशाचाही नाही उचलणार, आम्ही बोललो काल. तुम्ही बसवलं म्हणून आम्ही बसलो इथं.” ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, “ती गेली नव्हती ना, काकू? नसेल गेली तर मग प्रश्नच नाही.”

“ती म्हणते, नाही गेली.”

“तुम्हाला काय वाटतं?”

कमळा उठून समई पुसू लागली. माधवी रिकामी वाटी घेऊन परत गेली.

प्राजक्ता फोनवर म्हणाली होती, ‘मावशी, मी तिथंच होते. मी हललेसुद्धा न्हाय.’ फार भरभर म्हणाली होती. कमळाने इतकी वर्षं आजारी माणसं पाहिली होती. माणूस दुखत नाही म्हणताना कसं भरभर बोलतं, ते तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं नकोसं होतं, म्हणून तिने पुढे विचारलंच नव्हतं.

दुपारी कुणीतरी दारावर बोटाने टकटक केली. उघड्या दारावर टकटक करणारं माणूस चाळीत कुणी नव्हतं.

दीपेश पाटील होता. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून चालत आलेला. बूट बाहेर काढले, आत येऊन आधी देवाला हात जोडले, मग बाळारामला, मग कमळाला. त्याची ती अदबच कमळाला जड गेली. आरडाओरडा करत आला असता तर बरं झालं असतं.

“काकू, मी भांडायला न्हाय आलो.”

“बसा ना. आजी कशी आहे?”

“ऑपरेशन झालं काल.” तो खाली मान घालून म्हणाला. “माझ्याशी बोलायची तिची रीत हाय. डावा हात दाबते. कालपासून दाबत न्हाय. दाराकडं बघत ऱ्हाते नुसती.” तो खोटा नव्हता. “मला तिनंच वाढवलाय, काकू. आई तर मला आठवत पन न्हाय.”

कमळाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“ती पोरगी खोटं बोलते. शेजाऱ्यांनी तिला आमच्या गच्चीवर पायलं. मी तिला पोलिसात न्हाय दिली. मला फक्त ती पुन्हा कुनाच्या घरात नको. तुम्ही तुमचा शब्द मागं घ्या. तुम्ही घेतलं की सगळ्या घेतात, म्हायती हाय मला. एका अंगठ्याचं काम हाय.”

“आणि नाही घेतलं तर?”

कमळाला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. विचारायचं नव्हतं तिला.

दीपेश पाणी प्यायला. तांब्या नीट खाली ठेवला.

“माधवीताईंचा पोरगा आमच्याकडं हाय. निशाताईंचा भाऊ हाय. मी कुनाला काय बोललो न्हाय, बोलनार पन न्हाय. पन बाबांना तुम्ही ओळखता. केसरीनाथ पाटलांचा सोभाव गरम हाय. त्यांना मी किती दिवस धरून ठेवू?” तो उठला. पुन्हा देवाला हात जोडले. “संध्याकाळपर्यंत हाय ना टाइम?”

तो गेल्यावर बाळारामने विचारलं, “पोरगा चांगला बोलत होता. काय म्हनत होता?”

“काही नाही,” कमळा म्हणाली. “पाणी प्यायला आला होता.”

तिन्हीसांजेचा दिवा लागला की खोटं बोलायचं नाही, हा कमळाचा नेम होता. आईने लावून दिलेला. दिवसभर माणसाच्या बोलण्यात इकडचं तिकडे होतं, आई म्हणायची, निदान दिव्यासमोर तरी नको. चाळीतल्या पोरीबाळी ते ओळखून होत्या. काही लपवायचं असेल तर कमळाकाकूला दुपारी गाठत, संध्याकाळी नाही. आज दिवा लागेल आणि कुणीतरी विचारील, ‘कमळाकाकू, ती गेली होती का?’ हा विचार तिची पाठ सोडेना.

ऊन कलतं झालं. मोरीच्या बाजूच्या दारात सावली पडली. प्राजक्ता होती. पडघ्याहून शेअर रिक्षाने आलेली, अंगावर धूळ. ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उकिडवी बसली, देवकी बसायची तशीच, गुडघ्यांना हातांची मिठी घालून.

“आत ये.”

“न्हाय, मावशी. आधी सांगते. मग बोलवायचं तर बोलवा.”

कमळा उंबऱ्याच्या आत बसली. मध्ये तेवढाच लाकडाचा उंबरा.

“मी गेलती,” प्राजक्ता म्हणाली.

समोरच्या लूमचा आवाज कमळाला एकदम फार मोठा वाटला.

“कुठे?”

“गच्चीवर. आजीच्या खोलीत रेंज न्हाय. परवा निशामावशीच्या नव्या ड्युटीचा सवाल होता ना साखळीत? सूर्य बुडत आला होता. मागच्या वेळी माजं ऱ्हायलं तर तुमी बोललात, ‘सूर्य बुडायच्या आत शब्द पडलाच पाहिजे, नाहीतर तुला साखळीत आणलं कशाला?’ मला वाटलं, वर जायाचं, दाबायचं, खाली यायाचं. दाबलं तर ते गोल गोल फिरतच ऱ्हायलं. मी हात वर करून उभी ऱ्हायले. मग खाली आवाज आला.”

कमळाला आठवलं. परवा संध्याकाळी तिच्या फोनवर निशाच्या नावापुढे एकेक हिरवी खूण उमटत गेली होती. शेवटची प्राजक्ताची होती. ती पाहून कमळा स्वतःशी म्हणाली होती, पोरगी शिकली हो वेळेवर.

“पलंगाचा कठडा वर केला होतास?”

प्राजक्ताने तोंड गुडघ्यांत घातलं.

“प्राजक्ता. कठडा?”

“न्हाय.”

खोलीतून बाहेर पडायचं तर आधी कठडा. मग घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. हे कमळाने तिला हाताला धरून शिकवलं होतं. आता साखळीला दोष देता आला असता, रेंजला देता आला असता, स्वतःच्या त्या बोलण्यालाही देता आला असता. पण कठडा खालीच होता. म्हातारी थंड फरशीवर पडली होती, आणि तिला हाकही मारता येत नव्हती.

“मला खोटं का सांगितलंस?”

“तुमी मागं घ्याल म्हनून.”

“मग आता का सांगितलंस?”

प्राजक्ताने डोळे पुसले. “दिवा लागायच्या आत सांगायचं होतं. दिव्यानंतर कुनी इचारलं तर तुमी खोटं बोलनार न्हाय, आनि तुमाला खरं म्हायतीच नसनार. तुमी ‘न्हाय गेली’ म्हनाल, लोक तुमाला हसतील. आता खरं म्हायती हाय. घ्या मागं. मी काय बोलनार न्हाय, मावशी. मी वीटभट्टीवर जाईन.”

वीटभट्टीवरच देवकीच्या अंगातलं पाणी आटलं होतं. तिथून उचलून तिला दवाखान्यात आयाच्या कामाला कमळानेच लावलं होतं.

आणि मग, इतके दिवस चुकवलेलं ते उरलेलं बोलणं कमळाच्या पोटातून वर आलं. पिवळे डोळे, सुकलेले ओठ, आणि सावकाश, एकेक शब्द: ‘ती चुकली तरी उभी रा. न चुकलेलीच्या पाठी कोन बी उभं ऱ्हातं. त्याला तू कशाला पायजे?’

‘हो’ कमळाने या बोलण्यालाही म्हटलं होतं.

ती उठून आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली. महिनाभरात कामावरून काढतील. यांचं औषध. खोलीचं भाडं. गल्लीतून जाताना कठड्यावरून आत वळणारे चेहरे. एवढं सगळं तिला एका दमात दिसलं. देवाकडे पाहिलं तर देव नेहमीसारखे बसले होते. तिने डब्यात हात घातला. थंड तांदळातून फोन वर काढला, पदराला पुसला. चार्जिंगच्या भोकात तांदळाचा कण अडकला होता. तो सुईने काढला आणि मृणालीला फोन लावला.

“काकू, मी सकाळपासून लावतेय तुम्हाला.”

“मृणाली, एकटी उभी राहिली तर चालतं का गं?”

“चालतं. एक जरी उभी राहिली तरी प्राजक्ताचं नाव राहतं. वर्षभर तिला एकटीला ड्युटी मिळणार नाही, जी उभी राहील तिच्या हाताखालीच काम करावं लागेल. पण तुम्ही एकट्या कुठे आहात? तुमच्या शब्दावर सगळ्या आहेत.”

“त्यांना सोडव ना तू तिथून. तूच केलंस ना हे.”

“मला नाही सोडवता येत. कुणालाच नाही येत, काकू. ज्या बाईने तुमचं नाव टाकलं, तिच्याच अंगठ्याने ते निघतं. तिने ते काढून दुसरीचं टाकलं, की तिचा शब्द तिच्यापाशी. पण ते सूर्य बुडायच्या आत व्हायला हवं. आणि…” मृणाली अडखळली. “सगळ्यांनी काढलं तर तुमच्या मागे कुणीच राहणार नाही. उद्या तुमच्यावर प्रश्न आला तर पाठीशी कोण?”

“ते उद्याचं उद्या,” कमळा म्हणाली. हे ती धीराने म्हणाली नाही. “काढायचं कसं, ते नीट सांग मला. हळू सांग.”

मृणालीने सांगितलं. कमळाने दोनदा म्हणून दाखवलं.

मग तिने फळीवरचा चांदीचा करंडा काढला. उद्यापनापासून तो बाहेर आला नव्हता. एका खणात हळद, एका खणात कुंकू. करंडा घेऊन दारी आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवत नाही, आणि तिने मागितलेलं नाही म्हणत नाही. माधवीचा हात तिच्या विरुद्ध उठणार नव्हता. कमळाने स्वतःच ‘माझं नाव काढ’ असं मागितलं तर उठेल. उठायलाच हवा होता.

बाळारामच्या कानाशी वाकून तिने सांगितलं. सगळं सांगितलं. लूम चालू होत्या, गल्लीला काही ऐकू गेलं नाही. बाळाराम ऐकत असताना तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने उंबऱ्याबाहेरच्या पोरीकडे पाहिलं.

“सगळ्यांकडं जानार?” या वेळी तो हळू बोलला. इतकं हळू बोललेलं तिने वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

“सगळ्यांकडे.”

“दिव्याच्या आत यायाची न्हाईस मग.”

तिला तेच खात होतं. लग्न होऊन या खोलीत आल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा तिच्याशिवाय लागला नव्हता.

“मी लावतो,” बाळाराम म्हणाला. “वात किती ठेवायची, तेवढं दाव.”

तिने वात तेलात भिजवून समईत ठेवली, टोक बोटांनी नीट केलं, काडेपेटी शेजारी ठेवली. मग दाराशी येऊन प्राजक्ताला म्हणाली, “आत ये. हातपाय धू. भाताचं आधण ठेव.”

“मावशी, तुमी कुटं चालला?”

“हळदीकुंकवाला.”

प्राजक्ताने करंड्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. मग ती उठली. उंबरा ओलांडून आत आली.

कमळाने पायात चपला सरकवल्या. गुरुवारचा उपास होता, पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. फोन कमरेला खोचला, करंडा पदराखाली धरला. त्याचं सैल झाकण बारीक वाजत होतं. तिने ते अंगठ्याने दाबून धरलं. गल्लीच्या टोकाला, कारखान्यांच्या पत्र्यांवर, ऊन पिवळं होत चाललं होतं. माधवीचं दार सगळ्यांत जवळचं. भिंतीच्या कडेकडेने, कुणाची वाट अडू नये अशी, ती तिकडे चालू लागली.